नकाराची चाळणी

एआयकडून काढून घेतलेलं चित्र स्टॉक संकेतस्थळावर विकायला ठेवलं की त्याची समीक्षा एका ओळीत उरकते. पसंत, नाहीतर ‘बौद्धिक संपदेच्या कारणास्तव नाकारले’. कुणाची संपदा, चित्राच्या कुठल्या कोपऱ्यात, ते बहुधा सांगितलं जात नाही. विकणारा मग चित्र मोठं करून शोधत बसतो. बुटावरचे तीन पट्टे नडले? लॅपटॉपच्या पाठीवर फळासारखं काही उमटलंय का? की खाली उजवीकडे कुणाच्या तरी सहीसारखी जी खरड आली आहे, ती? या चित्रांना आज दुसरा समीक्षक जवळपास नाहीच, म्हणून या एका ओळीकडे जरा नीट पाहायला हवं.

या नकारांची सुरुवात २०२२च्या उत्तरार्धातली. गेटी इमेजेसने सप्टेंबरात अशा चित्रांना दार बंदच केलं. शटरस्टॉकने ऑक्टोबरात ओपनएआयशी हातमिळवणी केली. ग्राहकाने चित्र आमच्याकडे बनवून घ्यावं, चित्रकारांनी मात्र यंत्राचं काम आणू नये, असा तो व्यवहार. डिसेंबरात अडोबी स्टॉकने दार उघडलं, ‘जनरेटिव्ह एआय’ अशी खूण करण्याच्या अटीवर. त्यामुळे नकाराची गाऱ्हाणी ऐकू येतात ती मुख्यतः याच दारातून. शीर्षकात, कीवर्डमध्ये वा यंत्राला दिलेल्या प्रॉम्प्टमध्ये चित्रकाराचं नाव नको, प्रसिद्ध माणसाचं नको, काल्पनिक पात्राचं नको, असा तिथला दंडक.

दंडक रास्त आहे. पोलंडच्या ग्रेग रुत्कोव्स्कीचं काय झालं ते आठवावं. ड्रॅगन, गढ्या, ढगांतून उतरणारा उजेड रंगवणारा हा चित्रकार. २०२२मध्ये त्याचं नाव प्रॉम्प्टमध्ये पिकासोच्या नावापेक्षा कितीतरी अधिक वेळा टाकलं जात होतं, आणि त्याच्या नावाने शोधलं तर त्याची नसलेलीच चित्रं समोर येऊ लागली. पण परीक्षकापुढे प्रॉम्प्ट येत नाही. येतं ते चित्र आणि त्याखालचे शब्द. नाव गाळून ‘भव्य काल्पनिक निसर्गदृश्य’ असं लिहिलं की तेच चित्र पुढे सरकू शकतं. शैलीवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे कायद्यालाही त्यात फारसं वावगं दिसत नाही. माल चित्रांचा आणि चाळणी शब्दांची, असा हा प्रकार.

चाळून उरतं काय? पाठमोरी बाई, बिनचिन्हाचा लॅपटॉप, कुठल्याच शहरातल्या नसलेल्या उंच इमारती, पांढऱ्या पार्श्वभूमीवर गोंडस कोल्हा. रात्रीचा आयफेल टॉवर नको, कारण त्याच्या रोषणाईवर हक्क आहे. माणसाने ठळकपणे घडवलेलं जे जे काही, ते एकेक करून वगळत गेलं की असा मऊ भात उरतो. स्टॉक चित्रं पूर्वीही गुळमुळीतच होती, हे कबूल. हस्तांदोलन करणारे ते दोन कोट आपण वर्षानुवर्षं पाहिले, पण निदान कोट खरे होते. पोत, कापडावरच्या छापासारखे नमुने, यांत मात्र यंत्र बरं काम करतं. तिथे कुणाच्या हाताची ओळख कुणी मागत नाही.

चाळणीची भोकं कुणाच्या मापाने पाडली आहेत, ते वारलीपाशी कळतं. मिकी माऊसचा १९२८मधला पहिला अवतार अमेरिकेत १ जानेवारी २०२४पासून सार्वजनिक मालकीचा झाला, तरी डिस्नेचं व्यापारचिन्ह शाबूत आहे आणि वकीलही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण यंत्राने काढलेली ‘ट्रायबल’ नक्षी अडवायला दारात कुणी बसलेलं नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले, वर एक गोल ठेवला, झाली वारली, असा यंत्राचा समज. मी पाहिलेल्या अशा नक्षींत तारपा वाजवणारा भलतीकडेच आहे आणि नाचणारे त्याला पाठ दाखवून उभे आहेत. लग्नाच्या चौकातली पालघाट देवी गळून पडली आहे, चौकट तेवढी राहिली आहे. हा दोष कुठल्याही नकाराच्या ओळीत बसत नाही.

आणि पास झालेलं चित्र तरी कुणाचं? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या कॉमिकची नोंद मजकूर आणि मांडणीपुरती ठेवली, मिडजर्नी या एआयने काढलेली चित्रं वगळली. मार्च २०२५मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही कर्ता माणूसच हवा, असं सांगितलं. आपल्या १९५७च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, पण प्रॉम्प्ट लिहिणं म्हणजे घडवून आणणं का, हा वाद मिटलेला नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या भीतीने अडवलेला विकणारा, दार ओलांडल्यावर, स्वतःची मालकी सिद्ध करता येईलच असं नसलेली वस्तू विकतो. अडोबीचं चित्रं काढणारं एआय, फायरफ्लाय, मुख्यतः याच स्टॉकवर शिकलं. त्याला शिकवायला वापरलेल्या चित्रांपैकी सुमारे ५ टक्के एआयनेच काढलेली होती, अशी बातमी ब्लूमबर्गने एप्रिल २०२४मध्ये दिली. चाळलेलं पीठ परत जात्यात.

जून २०२५मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने थेट मिडजर्नीवर दावा लावला. त्यांना ते परवडतं. वारली पाड्यांना परवडत नाही, म्हणून मराठी प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. पानाच्या कडेला वारली नक्षी हवी असेल, तर स्टॉकमध्ये शोधण्याआधी डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या एखाद्या चित्रकाराला फोन करा.