छायाचित्राचें ऋण

छायाचित्राविषयीं लिहूं लागलें म्हणजे बहुतेक लेखक एका क्षणाचें वर्णन करूं लागतात. प्रकाश कसा होता, छायाचित्रकार कोठें उभा होता आणि त्याच्या बोटानें नेमकी कोणत्या पळीं कळ दाबली, ह्याची मोठी रसभरित चर्चा होते. हें स्वाभाविक आहे. शिकारीच्या गोष्टींतहि बार उडतो तेव्हांच श्रोते सरसावून बसतात. परंतु बार उडाल्यानंतर काय? टिपलें त्यांतून काय ठेविलें व काय टाकलें, ठेविलेलें कसें जपलें, आणि अखेर तें कागदावर उतरवून कोणाच्या हातीं दिलें, ह्या प्रश्नांकडे आमच्या टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. आमचें मत असें आहे कीं, छायाचित्रकाराची योग्यता ठरवावयाची ती ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवरून.

हा विचार मनांत दृढ होण्यास निमित्त झालें तें एटापल्लीच्या एका प्रवासाचें. एटापल्ली हा गडचिरोली जिल्ह्यांतील तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं हा जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला. साग, बांबू, मोह आणि तेंदू ह्यांचें रान, आणि त्या रानांत विखुरलेलीं माडिया गोंडांचीं गांवें, असें हें मुलूख आहे. आमचे एक स्नेही नागपुरास असतात. छायाचित्रण हा त्यांचा धंदा नव्हे, व्यसन आहे. गेलीं दहा वर्षें ते दर हिवाळ्यांत ह्या गांवांतून हिंडत आले आहेत. गेल्या खेपेस त्यांनीं आम्हांसहि बरोबर नेलें, आणि रात्रीं विश्रामगृहांत चित्रांचे दोन गठ्ठे आमच्यापुढें ठेविले. पहिला आरंभींच्या चार वर्षांचा, दुसरा त्यानंतरचा. ‘कोणते चांगले तें निःसंकोच सांगा,’ असें ते म्हणाले. त्यांच्या अनुमतीनेंच, नांव न घेतां, हें परीक्षण येथें करीत आहों.

पहिला गठ्ठा उघडतांच कोणाहि रसिकानें वाहवा म्हणावी. सारीं चित्रें कृष्णधवल. एक वृद्ध, मागें ढगांनीं भरलेलें आकाश, आणि कॅमेरा त्याच्या गुडघ्याइतक्या उंचीवरून वर पाहत असलेला. त्यामुळें तो मनुष्य डोंगरासारखा भव्य दिसतो. नृत्याची रांग, गळ्यांतील मण्यांच्या माळा, चुलीचा धूर. प्रत्येक चित्राची बांधणी रेखीव आहे.

हीं चित्रें पाहतांना सुनील जाना ह्यांची आठवण होणें अपरिहार्य होतें. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या चित्रांनीं जाना ह्यांचें नांव देशभर झालें. पुढें व्हेरियर एल्विन ह्यांच्या सहवासांत मध्य भारताच्या आदिवासींमध्यें हिंडून त्यांनीं पुष्कळ चित्रें घेतलीं. त्यांचा ‘द सेकंड क्रीचर’ हा संग्रह १९४९ मध्यें कलकत्त्यास निघाला, आणि आदिवासींवरील मोठा ग्रंथ १९९३ मध्यें. खालच्या कोनांतून आकाशाच्या पार्श्वभूमीवर मनुष्य उभा करावयाचा ही त्यांची आवडती रीत. ज्या काळीं शहरी वाचक आदिवासींस रानटी समजत होता, त्या काळीं त्यांस उंचावर उभें करणें हा एक युक्तिवादच होता, आणि तो आवश्यक होता. परंतु आज तोच कोन, तेंच आकाश आणि तोच कृष्णधवल रंग घेतला म्हणजे युक्तिवाद उरत नाहीं. केवळ ढब उरते. कालच्या एटापल्लीचें चित्र ऐंशी वर्षांपूर्वींचें भासूं लागतें, आणि त्यांतील जिवंत मनुष्य आपला समकालीन न राहतां पुराणवस्तु होतो.

हें काम कळ दाबतांना अर्धेंच होतें. उरलेलें अर्धें निवडीच्या व काटछाटीच्या वेळीं होतें. आम्ही स्नेह्यांस विचारलें कीं, ह्या गांवांत मोटार-सायकली नाहींत काय? प्लास्टिकच्या खुर्च्या, भ्रमणध्वनि, छपरावरचें सौर-तावदान, ह्यांपैकीं एकहि वस्तु ह्या गठ्ठ्यांत कशी नाहीं? ते हंसले व म्हणाले, ‘होतीं कीं, कडेनें कापलीं.’ ह्या कापण्यास मोठी परंपरा आहे. अमेरिकेंतील एडवर्ड कर्टिस ह्यांनीं तेथील मूळ रहिवाशांवर १९०७ ते १९३० ह्या काळांत वीस खंडांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एका चित्रांत तंबूमध्यें दोन पुरुष बसलेले आहेत, आणि मूळ काचेवर त्यांच्यामध्यें एक घड्याळ आहे; छापील चित्रांत तें घड्याळ खोडून टाकलें आहे. ज्यानें घड्याळ पुसलें त्यानें त्या माणसांचा काळच पुसला, असें आम्हांस वाटतें. आमच्या स्नेह्यांनीं कापलेली प्लास्टिकची खुर्ची ही त्याच घड्याळाची धाकटी बहीण होय.

आतां टाकण्याविषयीं. दिवसास तीनशें-चारशें चित्रें घ्यावयाचीं, रात्रीं त्यांतलीं वीस ठेवावयाचीं आणि बाकीचीं संगणकावरून कायमचीं पुसावयाचीं, असा स्नेह्यांचा आरंभींचा नेम होता. हा नेम शिस्तीचा म्हणून अनेक जाणकार शिकवितात. पांचव्या हिवाळ्यांत एका गांवीं एक मनुष्य त्यांच्याजवळ आला. माडिया भाषेंत तो जें बोलला तें शाळेच्या मास्तरांनीं मराठींत सांगितलें: ‘दोन वर्षांमागें बाजाराच्या दिवशीं तुम्हीं माझ्या मुलाचा फोटो काढला होता. तो पावसाळ्यांत तापानें गेला. आमच्या घरीं त्याचा एकहि फोटो नाहीं. तो असेल तर द्या.’ स्नेह्यांस तो मुलगा आठवत होता. त्याचीं चार चित्रें घेतलीं होतीं. मुलानें मान हालविली म्हणून तीं किंचित् पुसट आलीं, आणि त्याच रात्रीं तीं चारहि पुसलीं गेलीं. त्या दिवसाचीं अकरा सुबक चित्रें शिल्लक होतीं. त्यांत तो नव्हता.

ही हकीकत सांगतांना स्नेह्यांनीं आपला बचाव केला नाहीं, म्हणून आम्हीहि त्यांस दोष देत नाहीं. परंतु ह्यांत टीकाशास्त्राचा एक मोठा प्रश्न आहे. चांगलें चित्र व वाईट चित्र हें ठरविणारा कोण? मान हालली म्हणून जें चित्र प्रदर्शनास नालायक, तेंच एका घरांत अमोल. निवड करणारा नेहमीं एकाच प्रेक्षकाची कल्पना करून निवडतो, आणि तो प्रेक्षक शहरांतला असतो. ज्याचें चित्र आहे तो ह्या पंक्तींत पाहुणाहि नसतो.

जतनाचा विचार ह्यापुढचा. एटापल्लीच्या पश्चिमेस प्राणहिता ओलांडली म्हणजे जुना अदिलाबाद जिल्हा लागतो. तेथील मारलवाई ह्या गोंड खेड्यांत क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४१ पासून राहून अभ्यास करीत होते. राज गोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ चा. त्यांचीं छायाचित्रें, चलच्चित्रें व दैनंदिन्या लंडनच्या ‘सोआस’ ह्या विद्यापीठांत जपून ठेविल्या आहेत. कलेच्या दृष्टीनें त्यांतलीं पुष्कळ चित्रें साधीं आहेत. परंतु चित्राच्या बरोबर स्थळ आहे, काळ आहे, आणि शेजारीं दैनंदिनीचा आधार आहे. त्यामुळें ऐंशी वर्षांनीं त्या चित्रांस कोणी प्रश्न विचारला तर तीं उत्तर देऊं शकतात. आमच्या स्नेह्यांच्या पहिल्या गठ्ठ्यांतील चित्रें सुंदर आहेत, पण मुकीं आहेत. ‘आदिवासी स्त्री’ ह्याहून अधिक त्यांच्या पाठीवर कांहीं लिहिलेलें नाहीं. मात्र ह्या दुसऱ्या पद्धतींतहि एक उणीव आहे. चित्र लंडनास सुरक्षित, पण ज्या कुळाचें तें आहे त्या कुळाच्या भिंतीवर नाहीं. आज संगणकाच्या द्वारें त्यांतलीं अनेक चित्रें पाहतां येतात, हें खरें. परंतु नातवानें आजाचें मुख पाहण्यास इतकीं वर्षें वाट पाहावी काय?

त्या मुलाच्या प्रसंगानंतर स्नेह्यांनीं आपली सारी रीत बदलली. आतां ते कांहींच पुसत नाहींत. त्या मुलखांत पावसाळा दांडगा. दमटपणानें कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते, मग साठवणीच्या पेट्यांचा भरंवसा कोणीं धरावा? म्हणून प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गांवीं, असा त्यांचा नियम आहे. चित्रासोबत नांव, गांव व तारीख नोंदलेली असते. आणि मुख्य म्हणजे, दर हिवाळ्यांत मागच्या वर्षाच्या छापील प्रती थैलींत घालून ते जातात आणि ज्याच्या त्याच्या हातीं देतात. ॲन्सेल ॲडम्स ह्या अमेरिकन छायाचित्रकारानें निगेटिव्हला स्वरलिपीची व छापील प्रतीला प्रत्यक्ष वादनाची उपमा दिली आहे. त्याच उपमेनें बोलावयाचें तर, आमचे स्नेही पूर्वीं चीज एटापल्लीस शिकत आणि बैठक नागपुरास करीत. आतां बैठक जेथें चीज मिळाली तेथें होते.

कोणी म्हणेल कीं, हें समाजकार्य झालें. ह्यांत कला कोठें आहे? ह्याचें उत्तर दुसऱ्या गठ्ठ्यांत आहे. चित्र परत द्यावयाचें आहे हें ठरल्यावर चित्र घेण्याची रीतच पालटली. कॅमेरा गुडघ्यावरून डोळ्यांच्या उंचीवर आला. पूर्वीं ते आकाशाच्या उजेडाचें माप धरीत, त्यामुळें ढग स्पष्ट येत आणि चेहरा काळवंडे; आतां चेहऱ्याचें माप धरितात आणि आकाश पांढरें पडलें तर पडूं देतात. सांवळ्या त्वचेवरील छटा प्रथमच उमटल्या. रंग परत आला. एका चित्रांत एक बाप इस्तरीचा सदरा घालून प्लास्टिकच्या खुर्चींत ताठ बसला आहे, शेजारीं पत्नी, मागें मोटार-सायकल; तिघांनाहि सारखाच मान आहे. दुसऱ्यांत एक वृद्धा वळचणीच्या मऊ उजेडांत उभी आहे आणि तिच्या हातांत गेल्या वर्षीं काढलेलें तिचेंच चित्र आहे. त्या वर्षभरांत ती किती थकली हें पाहणाऱ्यास एका दृष्टिक्षेपांत कळतें. पहिल्या गठ्ठ्यांतील कोणत्याहि चित्रांत इतका काळ सांठलेला नाहीं.

तथापि ह्या गठ्ठ्याचाहि दोष सांगितला पाहिजे. परत द्यावयाचें म्हणून स्नेही आतां केवळ आवडेल तेंच छापतात. सारे प्रसन्न, सारे नटलेले. त्याच तालुक्यांतील सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण आहे. तिचें काम २०२१ नंतर फार वाढलें, आणि खनिजाच्या अवजड गाड्यांनीं रस्त्यांची कळा बदलली. ह्याची खूण दुसऱ्या गठ्ठ्यांत नाहीं. आम्हीं खोदून विचारलें तेव्हां त्यांनीं संगणकावर एक जुनें चित्र दाखविलें: पहिल्या हिवाळ्यांत घेतलेली त्या डोंगराची नुसती कड, सकाळचें धुकें, खालीं रान. ‘साधें आहे म्हणून कधीं छापलें नाहीं. डोंगराचीं तेव्हां कोणी मागणींहि करीत नसे म्हणून पुसलें मात्र नाहीं, राहून गेलें,’ असें ते म्हणाले. आम्हांस वाटतें, दोन्ही गठ्ठ्यांतील सर्वांत मोलाचें चित्र तेंच. परतफेड म्हणजे खुशामत नव्हे. माणसास त्याचा चेहरा परत द्यावा, तसाच त्याचा डोंगरहि परत द्यावा. आणि दोन्हींच्या पाठीवर तारीख असावी.

परत येतांना एका गांवाबाहेर आम्हीं माडिया लोकांनीं मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड पाहिले. कांहीं माणसाएवढे उंच, कांहीं गुडघ्याएवढे. त्यांवर अक्षर नाहीं, आकृति नाहीं. तरी कोणता दगड कोणाचा हें गांवास ठाऊक असतें, कारण तो जेथला तेथेंच उभा असतो. स्नेही बराच वेळ तेथें थांबले. कॅमेरा त्यांच्या गळ्यांत होता, पण त्यांनीं तो उचलला नाहीं. पुढें गाडींत बसल्यावर ते एवढेंच म्हणाले कीं, पुढच्या हिवाळ्यांत त्या डोंगराच्या वीस प्रती छापून आणावयाच्या आहेत.