दुसरं नाव

आमच्या लहानपणी घोडेगावात 'टेनिस' हा शब्द एकटा कधी यायचा नाही. पुढे 'बॉल' यायचाच. टेनिस बॉल विकत घ्यायचा आणि क्रिकेट खेळायचं. टेनिस हा स्वतंत्र खेळ आहे हे टीव्हीवरून कळलं, आणि टीव्हीवर टेनिस म्हणजे सानिया मिर्झा. ऑगस्ट 2016 मध्ये मी इंजिनिअरिंगला होतो. रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया महिला दुहेरीच्या पहिल्याच फेरीत हरली, तेव्हा मी फेसबुकवर लिहिलं, "सोबत कोण होती, तेही बघा." भरपूर लाईक आले.

सोबत होती बार्शीची प्रार्थना ठोंबरे. हा लेख म्हणजे त्या माझ्याच ओळीची उलटतपासणी आहे.

आधी त्या ओळीच्या बाजूने बोलतो. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली होती. क्रमवारीत पहिल्या दहात असलेल्या खेळाडूला ऑलिंपिकच्या दुहेरीत थेट प्रवेश होता आणि तिला आपली जोडीदार सोबत आणता येत होती. प्रार्थना क्रमवारीत बरीच खाली होती. म्हणजे दार सानियाच्या रँकिंगने उघडलं, हे खरंच आहे. दोघींनी 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं होतं, तरी 'सानियाची जोडीदार' हीच प्रार्थनाची ओळख राहिली. बातमीत तिचं नाव दुसरं, आणि पुष्कळदा दुसऱ्या परिच्छेदात.

पण दार उघडल्यानंतर आत काय झालं? ते मी बघितलंच नव्हतं. काही वर्षांनी नोकरीत लॉग वाचायची सवय लागली, तेव्हा तो स्कोअर पुन्हा काढला. समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पेंग 2014 मध्ये दुहेरीत जगात पहिली होती, विम्बल्डन आणि फ्रेंच ओपनची दुहेरीची विजेती. झांगने 2016 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन एकेरीची उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. स्कोअर 6-7, 7-5, 5-7. सामना सुमारे पावणेतीन तास चालला.

आता हा स्कोअर नियम हाताशी धरून वाचू. पहिल्या सेटचा टायब्रेक बाजूला ठेवला, तर प्रत्येक सेटमध्ये बरोबर 12 गेम झाले. एकूण 36. त्यातले भारताचे 18 आणि चीनचेही 18. दुहेरीत चौघी आळीपाळीने सर्व्हिस करतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सेटमध्ये तीन, सामन्यात नऊ गेम. प्रार्थनाने त्या दिवशी नऊ गेम सर्व्हिस केली, आणि हे सांगायला व्हिडिओ बघायची गरज नाही. शिवाय सर्व्हिस घेताना दोघींच्या बाजू सेटभर ठरलेल्या असतात. चीनच्या सर्व्हिसवरच्या जवळपास निम्म्या पॉइंटमध्ये पहिला फटका प्रार्थनालाच मारावा लागला. सानियाने कितीही ठरवलं असतं, तरी ती सर्व्हिस तिला घेता आली नसती. नियमच तसा आहे.

दुहेरीत जोडीदाराच्या मागे लपता येत नाही. उलट जी कमी नावाजलेली, तिच्याकडेच बॉल जास्त येतो. समोरच्या दोघींना डोकं असतंच. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या फोरहँडवर मुद्दाम कोण मारेल? ऑफिसच्या बॅडमिंटन स्पर्धेत मी सीनियरचा पार्टनर होतो, तेव्हा तासभर प्रत्येक शटल माझ्या अंगावर आलं आणि बक्षीस घेताना सगळे त्याचं अभिनंदन करत होते. 18-18 असा हिशेब 'ओझं' असलेल्या जोडीदारासोबत होत नाही. सामना दोन-चार पॉइंटवर गेला. मी मात्र त्याचा निकाल एका नावावर ठेवून मोकळा झालो होतो.

जिंकलं की वाचण्याची पद्धत बदलते, असंही नाही. 30 सप्टेंबर 2023 ला मी गणपती विसर्जनाच्या जोडसुट्टीत घरी होतो. हांगचौमध्ये पुण्याच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, 2-6, 6-3, 10-4. तेव्हाही आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज होता, "बोपण्णाने 43 व्या वर्षी करून दाखवलं!" त्याने दाखवलंच. पण पहिला सेट 2-6 गेल्यावर उरलेला सामना त्याने एकट्याने जिंकला नाही. ऋतुजा त्याआधी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली होती, नंतर वर्षानुवर्षं आयटीएफच्या छोट्या स्पर्धा खेळत होती. त्यातल्या सगळ्यात छोट्या स्पर्धेचे 15 हजार डॉलर हे विजेतीचे नसतात, ते अख्ख्या स्पर्धेचे असतात. त्यातून विमान, हॉटेल, कोच. पदकाच्या दिवशी आपण बघतो, एरवीच्या आठवड्यांत कोणी नसतं. करिअर मात्र त्या आठवड्यांचंच बनलेलं असतं.

प्रार्थनाचे असे आठवडे रिओनंतर थांबले नाहीत, आणि मला तिच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. एप्रिल 2025 मध्ये बिली जीन किंग कपचे सामने बालेवाडीत झाले. दक्षिण कोरियाविरुद्ध एकेरीचे दोन सामने झाल्यावर 1-1 बरोबरी होती. उरली दुहेरी. अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे कोर्टवर उतरल्या, जिंकल्या, आणि भारत प्ले-ऑफमध्ये गेला. रिओला जवळपास नऊ वर्षं झाली होती. सानिया 2023 मध्येच निवृत्त झाली होती. ज्या नावाने हिची ओळख करून द्यायची सवय होती ते नाव कोर्टवर नव्हतं, आणि ही होती.

घोडेगावहून बालेवाडी काही लांब नाही. मंचरला हायवे धरायचा, चाकणचं ट्रॅफिक सोसायचं. मी गेलो नाही. घरी लॅपटॉपसमोर बसून फोनवर स्कोअर रिफ्रेश करत होतो. जायला हवं होतं.

2016 ची ती पोस्ट मी डिलीट केलेली नाही. डिलीट केली तर मी तसा कधी नव्हतोच असं होईल. परवा तिच्याखाली कॉमेंट टाकली: "36 गेम, 18-18. त्यातली नऊ गेम सर्व्हिस प्रार्थनाची." तिला एकही लाईक आलेला नाही.