सडपातळ देहातील मेद : पुण्याच्या मातृपोषण अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :
मधुमेह हा सुखवस्तू माणसाचा, अतिआहाराचा व बैठ्या जीवनाचा आजार होय, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. तिला पुण्यातूनच शास्त्रीय आव्हान मिळाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम. रुग्णालयाच्या माध्यमातून १९९३ मध्ये पुणे परिसरातील सहा खेड्यांत मातृपोषण अभ्यास सुरू केला. गर्भावस्थेतील पोषणाचा पुढील आयुष्यातील आजारांशी असलेला संबंध शोधणे, हे त्याचे प्रमुख सूत्र होते.

योगदान :
२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या खेड्यांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी करण्यात आली. येथील सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर तेथील ३.५ किलो होते. परंतु ही उणीव सर्वत्र सारखी नव्हती. पोटाचा व दंडाचा घेर बराच कमी होता. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजेच बाळ कृश होते, तरी मेदयुक्त होते. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. केवळ वजनावरून आरोग्य ठरविण्याची पद्धत त्यामुळे संशयास्पद ठरली.

मर्यादा :
साउदॅम्प्टन हा मापदंड मानल्याने वंश, दारिद्र्य, मातेची उंची व आहार हे सारे घटक एकाच फरकात मिसळतात. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे अशा तुलनेतून सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न या संशोधनाच्या वाचनाचा आहे. बी-१२ जीवनसत्त्व व फोलेट यांविषयीचे २००८ मधील निष्कर्ष बरेच चर्चिले गेले. त्याच अभ्यासाने असेही दाखविले होते की, ज्या गर्भवती अधिक कष्टाची कामे करतात त्यांची बाळे लहान भरतात आणि हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध ज्यांच्या आहारात अधिक, त्यांची बाळे मोठी भरतात. या निष्कर्षांची चर्चा तुलनेने कमीच झाली.

याचे कारण संशोधनपद्धतीतही आहे. गोळीची यादृच्छिक चाचणी घेता येते. २०१२ मध्ये या अभ्यासातील मुलामुलींवर, ती किशोरवयात असताना, तशी चाचणी सुरू झाली व ते स्तुत्यच होय. परंतु शेतीकाम, पाणी व सरपण यांचा भार निम्मा करून त्याचा परिणाम तपासणे फार कठीण. परिणामी जे सहज तपासता येते त्याचाच पुरावा वाढत जातो आणि जे तपासणे कठीण, ते गौण भासू लागते.

समारोप :
मधुमेहाचा दोष रुग्णाच्या जिभेवरून काढून घेणे, हे या संशोधनाचे मोठे श्रेय होय. तो दोष आता मातेच्या पदरात पडू नये, ही दक्षता वाचकांनी, अध्यापकांनी व धोरणकर्त्यांनी घ्यावयास हवी. ‘गर्भवतीने नीट खावे’ हा उपदेश सोपा आहे. तिच्या ताटात दूध व भाजी कशी येईल आणि तिच्या डोक्यावरचा हंडा कोण उतरवील, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. अभ्यासातील आकडे या प्रश्नांकडेही तितक्याच स्पष्टपणे निर्देश करतात.