काचेवरचा कोलंबो

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ निरखायचा तर सुरुवात त्याच्या काचेपासून करावी. आवाजाला अजून अवकाश आहे. जुन्या बाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून आलेला सेट आल्याआल्या विजेला जोडण्याचा उतावीळपणा आपण करणार नाही. तो टेबलावर दिव्याखाली घ्यावा, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी आणि डायलची ती लांबट काच सावकाश वाचावी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, कोलंबो, लंडन अशी शहरे तिथे तरंगलांबीच्या मीटरांतल्या आकड्यांना खेटून उभी असतात. नकाशावर समुद्रांनी तोडलेली, इथे बोटभर अंतरावर शेजार करणारी. ही अक्षरे काचेच्या मागच्या अंगाला छापलेली असतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी ती झिजत नाहीत. मागून मात्र ओला कापूस एकदा फिरला की मद्रासच्या जागी नुसती पारदर्शक काच उरते. म्हणून जाणकार पुढून काच लख्ख करतो आणि मागची धूळ फुंकरीने जेवढी जाईल तेवढीच जाऊ देतो.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीचा, लाकडी पेटीतला जो सेट मी सध्या उघडून बसलो आहे, त्याच्या काचेवर पुढच्या बाजूने ४१ मीटरच्या पट्ट्यात नखरंगाचा एक लाल ठिपका आहे. हा ठिपका आपण जरा जवळून पाहू. १९५२ मध्ये केंद्रातले माहिती आणि नभोवाणी खाते बा. वि. केसकरांकडे आले, पुण्यात जन्मलेला, शास्त्रीय संगीतावर निस्सीम श्रद्धा असलेला हा माणूस, आणि त्याच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी कोलंबोच्या रेडिओ सिलोनवर याच गाण्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता निवेदक अमीन सायानींच्या आवाजामागे अवघा देश समुद्रापार गेला. ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीची विविध भारती आली तरी कोलंबोची ओढ लगेच थोडीच सुटणार? पण शॉर्टवेव्हवर काटा केसभर हलला की स्टेशन निसटते, म्हणून त्या घरातल्या कुण्या ताईने किंवा वहिनीने आपल्या शृंगारपेटीतली बाटली काढून ती नेमकी जागा काचेवर बांधून टाकली असावी. अ‍ॅसिटोनच्या एका थेंबाने हा ठिपका जाईल. मी तो ठेवला आहे. नव्यासारखे चकाकणारे, पॉलिश करकरून गुळगुळीत केलेले सेट मला मनापासून आवडत नाहीत. आपण जुना रेडिओ घेतो तो त्याच्यावर कुणीतरी राहून गेलेले असते म्हणून.

आता मागचा पुठ्ठा काढू. काट्याला चालवणारा दोरा आधी दिसतो. बटणाच्या दांड्याला अडीच वेढे, तिथून दोन कप्प्यांवरून, स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरच्या मोठ्या चाकाला वळसा, चाकाच्या पोटात एक स्प्रिंग, आणि वरच्या सरळ धावेवर चिमटीत धरलेला काटा. भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा हा दोरा गुंडाळायचा, पण फेऱ्यांची दिशा चुकली तर बटण उजवीकडे आणि काटा डावीकडे जातो. तुटलेला दोरा नव्याने ओवताना दोनच हात फार अपुरे पडतात. स्प्रिंग एका बोटाने ताणून धरायची, दुसऱ्याने वेढा दाबायचा आणि गाठ बहुधा दातांनी. सगळे जमून आले की बटण भरभर फिरते आणि काटा मात्र गजगतीने सरकतो. ती संथ, अडखळ नसलेली सरक बोटांना जे सुख देते त्याच्यासाठी एक अख्खा रविवार गेला तरी हरकत नसते.

खरा ऐवज आहे तो चासीच्या, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या, खाली. चासी उलटी केली की छापील सर्किटच्या सवयीने आपले डोळे क्षणभर गांगरतात, कारण इथे तारा हाताने, एका टॅगवरून दुसऱ्या टॅगवर, हवेतून गेलेल्या आहेत आणि प्रत्येक जोडावर कुठल्याशा कारखान्यातल्या कामगाराच्या सोल्डरिंगची लकब आहे. त्यांच्यामध्ये आडवे पडलेले असतात मेणकागदाचे कंडेन्सर. पन्नास-साठ पावसाळ्यांचा ओलावा शोषून ते आतून गळके झालेले असतात, आणि त्यांतला एक तर सगळ्या सेटचा जीव मुठीत धरून असतो: शेवटच्या ईएल ८४ व्हॉल्व्हच्या ग्रिडला आवाज पोचवणारा. त्याने आवाज तेवढा पुढे जाऊ द्यायचा आणि अलीकडचे उच्च दाबाचे व्होल्टेज अडवायचे असते. तो गळू लागला की ग्रिडवर नको ते धन व्होल्टेज चढते, व्हॉल्व्हमधून बेफाम प्रवाह धावतो, आतली पत्री लाल होते आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. चार आण्यांच्या वस्तूने असा घात करावा! म्हणून इतर काही बदला न बदला, हा आधी बदलायचा.

पण बदलायचा कसा, यातच या छंदातली रसिकता आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा पिवळा इवलासा कंडेन्सर सरळ जोडून मोकळे होता येते, आणि रेडिओ गाईलही. हौशी माणूस मात्र जुन्या कंडेन्सरला हेअर ड्रायरची ऊब देतो, मेण सैल झाले की आतली गुंडाळी अलगद ओढून काढतो, त्या रिकाम्या नळीत नवा कंडेन्सर बसवतो, जपून ठेवलेले तेच मेण वितळवून दोन्ही तोंडे बंद करतो, आणि वरच्या मूळ लेबलासकट ती नळी जुन्याच टॅगवर जोडून टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही झाल्याचा पत्ता नाही, आणि मागचा पुठ्ठा लागला की पाहणाराही कुणी नाही! एवढा खटाटोप पुढे कधीतरी ही चासी उलटी करणाऱ्या एका अनोळखी कारागिरासाठी. काही जण त्याच्यासाठी आत तारखेची चिठ्ठीही ठेवतात; मला ही सभ्यता फार मोहक वाटते.

वीज देण्याची वेळ आली की सेटच्या आधी सिरीजमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडतात. स्विच दाबताच बल्ब क्षणभर भडकतो, मग मंदावत तांबूस होतो, आणि तो मंदावला की आपलाही श्वास खाली येतो. तो तसाच प्रखर राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, हात आखडता घ्यायचा. मग काचेच्या नळ्यांत एकामागून एक नारिंगी धग उजळते. पंचवीस-तीस सेकंद काहीच घडत नाही. आजच्या यंत्रांनी आपल्याकडून काढून घेतलेली ही तीस सेकंदे मला फार मोलाची वाटतात. त्यानंतर खोल कुठूनतरी गुणगुण, खरखर, आणि खरखरीतून वर येणारा माणसाचा आवाज.

हा आवाज येतो कसा, हेही चवीने पाहण्यासारखे. काटा पुणे केंद्रावर, म्हणजे ७९२ किलोहर्ट्‌झवर आणला की सेट स्वतःच्या पोटात १२४७ किलोहर्ट्‌झची एक लहर निर्माण करतो. दोघींची वजाबाकी ४५५. काटा मुंबईच्या १०४४वर नेला तर आतली लहर १४९९वर जाते आणि वजाबाकी पुन्हा ४५५च. अमेरिकन अभियंता आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधलेल्या या युक्तीमुळे पुढच्या सगळ्या टप्प्यांना एकच सूर सांभाळायचा असतो. अलाइनमेंट करणे म्हणजे प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर आणि कॉइलचे गाभे चिमूटभर फिरवत ही वजाबाकी डायलच्या दोन्ही टोकांना खरी ठरवणे. वरचे टोक जमले की खालचे बिघडते, खालचे साधले की वरचे. चार-पाच येरझाऱ्यांनंतर पुणे नेमके ३७९ मीटरपाशी, जिथे असायला हवे तिथे, येऊन बसते.

स्टेशन नीट लागल्याची ग्वाही द्यायला डायलशेजारी मॅजिक आय असतो, अमेरिकेत १९३५ मध्ये बाजारात आलेल्या नळीचा वंशज. इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की त्याच्यातला जस्ताच्या सिलिकेटचा लेप हिरवा उजळतो, आणि लहर जोरकस असेल तसा तो हिरवा पंखा उलगडतो वा मिटतो. वापरागणिक हा लेप विझत जातो, म्हणजे ज्या घरात रेडिओ सर्वाधिक ऐकला गेला त्याच घरातला डोळा सर्वाधिक निस्तेज. माझ्या सेटमधला तर खोलीतला दिवा मालवल्याशिवाय दिसतच नाही. न वापरलेला जुना डोळा शोधून, वाटेल ती किंमत मोजून बसवणारे आहेत. त्यांची हौस मला समजते, पण हा मंद हिरवा माझ्या डोळ्यांना आता मानवला आहे.

हल्ली काही जण चासीच काढून टाकतात आणि रिकाम्या पेटीत ब्लूटूथचा स्पीकर बसवतात. दिवाणखान्यात शोभा येते, हे कबूल. त्यांना एक सोयही आहे: मोबाइलचे चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे मिडीयम वेव्हवर जो काही हलकल्लोळ माजवतात तो त्यांच्या कानी पडत नाही. आपल्याला मात्र सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागण्याआधी घरभर हिंडून एकेक चार्जर सॉकेटातून उपटावा लागतो, आणि घरातल्या तरुण मंडळींचे टोमणे बातम्यांसकट ऐकावे लागतात.