संकेतस्थळ कोणासाठी?

नाशिक रोडहून पुण्याच्या रस्त्याला लागले की सिन्नर, मग संगमनेर. तिथून पश्चिमेला अकोले. याच भागात ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेने गावांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. तिथली आकडेवारी एकत्र होते, हवामान खाते आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांच्या मदतीने पीकनिहाय सल्ला तयार होतो आणि एसएमएसने शेतकऱ्यापर्यंत जातो. पण संस्था तिथे थांबली नाही. सल्ल्याचे कागद गावात भिंतीवर लागले, ध्वनिक्षेपकावरून वाचले गेले. तंत्रज्ञानाच्या भक्तांना हा कमीपणा वाटेल; मला प्रयोगातली खरी अक्कल इथेच दिसते.

वारणेचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. १९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तो सरकार आणि सहकाराचा, स्वयंसेवी संस्थेचा नव्हे. तरी धडा सर्वांसाठीच आहे. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना, सारे संगणक केंद्रात मिळेल अशी कल्पना होती. शेतकरी यायचा तो उसाचे वजन किती भरले आणि खत किती मिळणार, हे विचारायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूमधील संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर चालवून दाखवले. म्हणजे आपल्याला काय हवे ते शेतकऱ्याने वागण्यातून केव्हाच सांगितले होते. ऐकायला मात्र आठ-नऊ वर्षे गेली.

आता इंटरनेट खिशात आले, पण बोलण्याची दिशा फारशी बदललेली नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा पैसा मागायचा तर संस्थेला संकेतस्थळ, चित्रफिती, लाभार्थ्यांचे आकडे हवेतच. त्यात गैर काही नाही. खटकते ते एवढेच, की काम मराठी खेड्यात आणि संकेतस्थळ नुसत्या इंग्रजीत! देणगीदाराला एका कळीसरशी सगळे दिसते. ज्याच्या बांधावर फोटो काढला त्याला त्याखालची ओळही वाचता येत नाही. ‘इतक्या हजारांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा तर पाठवणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नाही.

सिन्नरकडच्या कांदा उत्पादकाने पिवळ्या पडलेल्या रोपाचा फोटो संस्थेच्या गटावर टाकला, तर उत्तर कोण देणार, किती तासांत देणार? वार्षिक अहवालात असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.