वृद्धांचें सांगणें व कुलवृत्तान्ताचा पाठ

घरांतील वृद्ध माणसास विचारून कुलवृत्तान्त लिहून ठेवण्याची हौस अलीकडे वाढली आहे, व ती अभिनंदनीय आहे. परंतु अशीं जीं टिपणें आमच्या पाहण्यांत येतात त्यांत एक दोष बहुधा आढळतो. सांगणाराचे शब्दच त्यांत नसतात. आमच्या हिंगण्याकडील आजी 'माह्या सासऱ्यानं' म्हणून बोलूं लागते, आणि वहींत 'आमचे पूज्य श्वशुर' अवतरतात! कर्ज, भाऊबंदकी, मोडलेली सोयरीक हीं गाळलीं जातात. कोणीं विचारलें व केव्हां विचारलें याचा मागमूस राहत नाहीं.

हा दोष जुनाच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 सालीं घरचें कर्ज फेडण्याच्या आशेनें काकांबरोबर उत्तरेंत गेले, बंडाच्या वावटळींत सांपडले, 1858 चा झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला, आणि शेवटीं गंगेची कावड घेऊन आईबापांकडे परतले. सुमारें पंचवीस वर्षांनीं चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं हें सर्व लिहून काढलें. वैद्यांनीं आग्रह धरला नसता तर 'माझा प्रवास' हा ग्रंथच नसता. तें श्रेय त्यांचें निर्विवाद आहे. पण 1907 सालीं पुस्तक निघालें तें वैद्यांच्या हातचे फेरफार घेऊन. हस्तलिखितावरून भटजींचा मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं 1966 सालीं छापला. मधलीं एकोणसाठ वर्षें वाचक वैद्यांचें मराठी भटजींचें म्हणून वाचीत होते.

वृद्धांची स्मृति चुकते, मग दुरुस्ती नको काय, असा आक्षेप येईल. बंडाचें कारण म्हणून भटजी चौऱ्यांशी कलमांची हकीकत देतात. सरकारनें तीं राजेरजवाड्यांपुढें ठेवलीं म्हणे. इतिहास म्हणून ही हकीकत टिकणारी नाहीं. पण त्या काळीं वाटेवरचा भिक्षुक काय ऐकत होता व खरें मानीत होता, हें तिच्यावांचून कळणार नाहीं. राजवाड्यांनीं 1898 सालीं बखरींतील चुका निष्ठुरपणें दाखविल्या, तें योग्यच झालें. चूक दाखविणें आणि चूक पुसणें हीं दोन कामें निराळीं.

भांडारकर संस्थेंत महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें काम 1919 सालीं सुरू झालें. त्या कामांत पडलेल्यांस ठाऊक आहे कीं, दुर्बोध पाठ सुबोध करण्याचा मोह लेखकूस होतो. म्हणून दुर्बोध पाठच बहुधा जुना ठरतो. आजीच्या तोंडचा अडचणीचा शब्द हा असाच जुना पाठ होय. नातू पदवीधर असला म्हणजे तो शब्द पहिल्यानें जातो.

विचारणाराचें नांव कां हवें, तें नागपुरावरूनच समजेल. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनीं भोसल्यांची बखर लिहिली ती रेसिडेंट जेन्किन्स यांच्या सांगण्यावरून. रेसिडेंटास सांगावयाचा भोसल्यांचा वृत्तान्त आणि वाड्यांत सांगावयाचा वृत्तान्त एक कसा असेल? नातवास सांगितलेलें व वांटणीसाठीं आलेल्या पुतण्यास सांगितलेलें, यांतही तितकेंच अंतर असतें.

हिंगण्याच्या बाजूस नव्वदी ओलांडलेलीं माणसें 'मानमोडी'ची साथ सासूकडून ऐकलेली सांगतात, आणि 'मालगुजारी गेली' तें स्वतः पाहिलेलें सांगतात. संग्राहक पहिल्याच्या जागीं 1918 व दुसऱ्याच्या जागीं 1951 लिहितो. ऐकलेलें आणि पाहिलेलें एका पंक्तीस बसतें. शिवाय 'मालगुजारी गेली' हे शब्द कोणत्या घरांतले, मालगुजाराच्या कीं कुळाच्या, हेंही त्या आंकड्यांत बुडतें. सन समासांत द्यावा, शब्द ओळींत राहूं द्यावा. मोडी कागद फाटला असेल तेथें नक्कल करणारा टिंबें देतो. आजीस आठवलें नाहीं ती जागाही तशीच सोडावी, घरच्या मंडळींच्या तर्कानें भरूं नये.