बुलढाण्याची एक विद्यार्थिनी

मुलांस अभ्यासाची गोडी कां लागत नाहीं, हा प्रश्न हल्लीं घरोघर निघतो आणि त्याचीं उत्तरेंहि ठरलेलीं असतात. कोणी शिक्षकांस बोल लावतो, कोणी पाठ्यपुस्तकांस, कोणी मुलांच्या हातांतील मोबाइलास. उपाय सुचतात तेहि बक्षीस किंवा धाक यांपलीकडे सहसा जात नाहींत. या वादांत एका जुन्या पुस्तकाची साक्ष काढावी असें आम्हांस वाटतें. तें शिक्षणशास्त्रावरचें नव्हे; परंतु तें लिहिणारी बाई कशी शिकली असेल, हें त्याच्या पानापानांतून कळतें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ सालीं पुण्यास श्रीशिवाजी छापखान्यांत छापला गेला. प्रती निघाल्या ५००, किंमत ९ आणे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनीं मुलीस घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. पुढें तिनें काय वाचलें तें निबंधच सांगतो: पुराणांतल्या कथा, ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या आवडत्या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, आणि वर्तमानपत्रें. यांपैकीं एकहि वाचन कोणी परीक्षेसाठीं नेमलेलें नव्हतें.

निबंधाचें निमित्त सर्वश्रुत आहे. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली. खटल्यावरून पत्रांत स्त्रीजातीच्या नीतीवर टीकेची झोड उठली, आणि ती वाचून ताराबाईंनीं लेखणी उचलली. साहसी, म्हणजे दुःसाहस करणारे, खरे कोण, स्त्रिया कीं पुरुष, हा त्यांचा प्रश्न.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें येथेंच आहे. पुराणें त्या काळीं कोणत्या मुलीच्या कानीं पडलीं नव्हतीं? सावित्रीची कथा तर दरवर्षीं वडाभोंवतीं फेरे घेतांना आठवावयाची. हजारों मुलींनीं ती ऐकली, पाठ केली, आणि तिचा ठरलेला बोधहि घेतला. ताराबाई तीच कथा उलटी धरतात. नवऱ्यासाठीं बायको यमाच्या दारापर्यंत गेली. मग बायकोसाठीं त्या वाटेस लागलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे काय? कथा जुनीच, पण हें विचारण्याचें धाडस झालें कीं तिचा शब्दन् शब्द पुन्हा तपासून पाहणें प्राप्त होतें. देवादिकांचीं चरित्रें ताराबाई चाळतात तीं भक्तीनें नव्हे, पुरावा शोधण्यासाठीं. कादंबऱ्यांतील नायिकाहि त्याच नजरेखालून जातात. बायकोच्या मृत्यूनंतर नवरा लगेच दुसरें लग्न करतो आणि विधवेच्या मात्र डोकीवर वस्तरा फिरतो, हें त्यांनीं पुस्तकांतून शिकण्याची गरज नव्हती. गरज होती ती हें पाहिलेलें आणि तें वाचलेलें एकमेकांसमोर उभें करण्याची. अभ्यासाची गोडी म्हणतात ती आमच्या मतें या समोरासमोर उभें करण्यांतच उत्पन्न होते. ज्या धड्याचा मुलाच्या डोळ्यांदेखतच्या जगाशीं कांहींच झगडा नाहीं, त्या धड्यास बक्षिसाचें गूळखोबरें लावून तो गिळविला जातो, एवढेंच.

निबंधाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. रचना सैल आहे, पुनरुक्ति पुष्कळ आहे. स्त्रियांस सरसकट दूषण देणाऱ्यांवर रागावून ताराबाई स्वतः पुरुषांसहि तितक्याच सरसकट झोडपतात. संस्कृत वळणाच्या वाक्याशेजारीं माजघरांतला फटकारा येऊन बसतो. मध्येंच विलायती कपड्यांची हौस आणि बुडालेले देशी धंदे यांवर त्या घसरतात, तेव्हां चिकित्सक वाचक कपाळास आठ्या घालील. कडक मास्तराच्या हातीं ही वही पडती तर तांबड्या शाईनें भरून परत येती. आम्हांस मात्र तें विषयांतर आवडतें. एक प्रश्न जागा झाला म्हणजे शेजारचे प्रश्नहि झोंपूं शकत नाहींत, हें त्यांत दिसतें; आणि नीटनेटक्या निबंधांत तें दिसत नाहीं.

यावरून शाळा नकोत असें कोणी अनुमान काढील तर तें चुकीचें होईल. त्याच जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरच्या लेकीस हेंच दुःख होतें, कदाचित् अधिकहि; तिला जात्यावरच्या ओवीशिवाय मार्ग नव्हता. ताराबाईंस लेखणी मिळाली ती बापामुळें. सगळ्यांच मुलींचे बाप कचेरींत हेडक्लार्क नसतात, म्हणून तर शाळा काढाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट राहते, ती ऐकणाऱ्याची. मुलाचा प्रश्न कोणी ऐकून घेतला नाहीं तर तो दुसरा विचारीत नाहीं, हें प्रत्येक आईबापास ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू उचलून धरली. तो एक आवाज सोडला तर पुस्तक विस्मृतींत गेलें, आणि ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. त्यांच्या ठिकाणीं लिहिण्याची हौस मुळांतच एका निबंधापुरती होती, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. ज्या हातानें ५२ पानें एका दमांत लिहावीं तसें लिहिलीं, त्या हाताजवळ अजून सांगण्यासारखें पुष्कळ होतें.

१९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं निबंध पुन्हा प्रसिद्ध केला. १९९४ सालीं रोझलिंड ओ'हॅनलन यांचें इंग्रजी भाषांतर निघालें. आतां तो विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतहि आला आहे. म्हणजे त्यावर गुणांचे प्रश्न पडत असणार, आणि त्यांचीं तयार उत्तरेंहि कोठेंतरी विकत मिळत असणार.